आवाज बंद करून दिलेले गुण

मी एक जुना टॅब आहे आणि माझ्या हातून एक वाईट काम झालेलं आहे. हात नसले तरी हातूनच म्हणायचं. आपली कहाणी सांगणाऱ्यानं आधी जन्म सांगायचा, मग केलेली सेवा, मग झालेले हाल, हे मला ठाऊक आहे. तेही सांगेन. पण मित्रांनो, जे टोचतंय ते आधी कबूल केलेलं बरं. नाहीतर तुम्ही म्हणाल, काय हा म्हातारा, स्वतःचंच कौतुक लावलंय!

माझे डोळे उघडले ते उज्जैनला, टावर चौकातल्या एका दुकानात. शाळा घराघरांत शिरल्या होत्या ती वर्षं. यशोधन नावाच्या बँकवाल्या गृहस्थांनी मला विकत घेतलं आणि नानाखेड्याच्या आपल्या घरी नेलं. त्यांची मोठी मुलगी शर्वरी तेव्हा दुसरीत होती. तिची सगळी शाळा माझ्यात भरायची. काय माझा रुबाब होता म्हणून सांगू! "टॅबला कुणी हात लावायचा नाही, ताईची शाळा सुरू आहे," असं तिची आई पूजा स्वयंपाकघरातून ओरडायची. दसऱ्याला मला हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. फूल कॅमेऱ्यावर ठेवल्यामुळे दिवसभर मला काही दिसलं नाही, पण मी तक्रार केली नाही.

मग शाळा परत शाळेत गेल्या. शर्वरीला आईचा जुना फोन मिळाला आणि मी कपाटात गेलो. एकदा पडलो, कोपऱ्याला तडा गेला. बॅटरी अशी झाली की घटकाभरात दम लागतो. दोन वर्षं मी स्वेटरांच्या खाली पडून होतो, आणि कुणाला माझी आठवणही आली नाही. खोटं कशाला बोलू, फार राग यायचा.

तिथून मला बाहेर काढलं अण्णांनी. अण्णा म्हणजे यशोधनचे वडील. तीस वर्षं शाळेत मास्तर, आणि उन्हाळ्यात बोर्डाचे पेपर तपासणारे. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी पायऱ्या चढण्या-उतरण्याला मनाई केली. तोवर अण्णा रोज सकाळी रामघाटावर जायचे, सोबतीला कुणी नसलं तरी. ते बंद झालं. मग वर्तमानपत्र माझ्यावर, भजनांची पुस्तकं माझ्यावर, आणि फोनवरची अक्षरं बारीक दिसतात म्हणून घरच्या ग्रुपवरचे निरोपही माझ्यावर. सगळा दिवस मी अण्णांचा. फक्त संध्याकाळचा एक तास निहारिकेचा.

निहारिका धाकटी. आठ वर्षांची, बोलायला अगदी कमी. ठोकळ्यांवर ठोकळे रचून गावं बांधायचा एक खेळ असतो ना, तो ती खेळायची. एप्रिलपासून तिनं त्यात रामघाट बांधायला घेतला होता. गंमत नाही, खरोखरचा रामघाट! रविवारी बाबांबरोबर घाटावर जायची, पायऱ्या मोजायची, पंड्यांच्या छत्र्या कुठे आहेत, दिव्यांचे खांब किती आहेत, हे वहीत काढून आणायची आणि संध्याकाळी माझ्यात तसंच रचायची. क्षिप्रेचं पाणी हिरवं करावं की निळं, यावर तिचे तीन दिवस गेले. शेवटी हिरवंच केलं, कारण तसंच असतं. हे सगळं अण्णांच्या पंच्याहत्तरीसाठी होतं. जूनच्या तेवीस तारखेला त्यांच्या मांडीवर मला ठेवायचं आणि म्हणायचं, "चला अण्णा, घाटावर." हे फक्त तिला माहीत होतं आणि मला. आणि शेवटी शेवटी तिनं ताईला सांगितलं होतं, कारण इतकी मोठी गोष्ट एकट्या पोटात राहत नाही.

आता मे महिना लागला. मराठी मंडळाच्या वाचनालयात मुलांचं उन्हाळी शिबिर असतं. वाचनालय सांभाळणाऱ्या जयूताई एका दुपारी घरी आल्या, घामानं डबडबलेल्या, आणि पाणी प्यायच्या आधीच बोलायला लागल्या.

"अण्णा, परेशान झालेय मी. डबा खायच्या वेळी मुलं ते गेमिंगचे प्रँक व्हिडिओ बघतात. अर्ध्या आया म्हणतात बंद करा, अर्ध्या म्हणतात यात बुरं काय आहे. भांडणाची वेळ आलीय. आता तुम्हीच फैसला करा. तुम्ही जे लिहून द्याल ते मी फळ्यावर लावते, मग कुणी काही बोलणार नाही."

"प्रँक मतलब?" अण्णांनी विचारलं.

"मजाक हो. खेळात एकमेकांना फसवतात."

अण्णा खूश झाले. कितीतरी दिवसांनी त्यांना कुणीतरी काहीतरी तपासायला दिलं होतं. मुलांमध्ये चालणारे चाळीस व्हिडिओ जयूताईंनी निवडून दिले, आणि शर्वरीनं ते माझ्यात उतरवून ठेवले. माझं पोट गच्च भरलं. अण्णांनी लाल पेन्सिल काढली, कागदावर रकाने आखले. रक्त नाही, दोन गुण. शिवी नाही, दोन गुण. दारू-विडी नाही, दोन. कपडे नीट, दोन. भाषा शुद्ध, दोन. एकूण दहा.

आणि आवाज बंद केला.

त्याचं कारण ऐकाल तर तुम्हाला हसू येईल. त्यांच्या कानातलं मशीन माझ्याजवळ आणलं की शिट्टी मारतं. म्हणून मशीन काढून ठेवायचं, माझा आवाज बंद करायचा, आणि चित्राखाली जी अक्षरं आपोआप उमटतात ती वाचायची. अण्णांना त्यात काही वावगं वाटलं नाही. या घरातली माणसं पिढ्यान् पिढ्या सरकारी दफ्तरात लिहिण्या-वाचण्याचं काम करत आली. ऐकलेल्यावर भरवसा नाही, लिहिलेलं तेवढं खरं, ही इथली रीत. शब्द न् शब्द वाचला म्हणजे पेपर तपासला.

पण मित्रांनो, बाहेर आवाज बंद असला तरी माझ्या पोटात तो असतोच. सात नंबरच्या व्हिडिओत दोन मुलं होती. एक मोठा, ज्याचा चॅनेल आहे तो. दुसरा लहान, कुठून तरी फोनवरून खेळणारा. मोठा म्हणाला, "भाई, इधर आ, तेरे लिए गिफ्ट है." लहान आला. खाली खड्डा होता, खड्ड्यात आग होती. खेळात वर्षभर जमवलेलं सगळं जळून गेलं. लहान म्हणत होता, "भाई मत कर ना, प्लीज, मत कर ना," आणि मग नुसता रडत होता. त्याचा आवाज बारीक, फोनातून येणारा. अक्षरं उमटवणाऱ्या यंत्राला तो ऐकूच आला नाही. मोठ्याचा मात्र खणखणीत ऐकू आला. खाली कंसात एकच शब्द उमटला: हँसी.

अण्णांनी तो वाचला. "मुलं हसताहेत," असं पुटपुटले आणि दहापैकी आठ गुण दिले. दोन कापले ते हिंदीच्या व्याकरणाचे.

चाळीसांपैकी सव्वीस व्हिडिओ 'योग्य' ठरले. अण्णांच्या वळणदार सहीचा कागद वाचनालयाच्या फळ्यावर लागला. ओरडून सांगावंसं वाटत होतं मला, "अहो अण्णा, एकदा आवाज लावा!" पण मी बोलणार कसा? मी आपला गरम होत राहिलो. अण्णा म्हणाले, "टॅब तापतोय, जरा पंख्याखाली ठेवा."

तेरा वर्षांची शर्वरी वाईट मुलगी नाही, हे मी तुम्हाला आधीच सांगतो. तिनं मला हळदकुंकू वाहिलेलं आहे. पण त्या सव्वीस व्हिडिओंतले बरेचसे तिनं दोन-दोनदा पाहिले. पूजानं टोकलं तर म्हणायची, "आई, खुद्द अण्णांनी आठ नंबर दिलेत याला!" मग पूजा आपल्या कामाला लागायची. त्यातल्या काही व्हिडिओंचा शेवट असा असायचा की फसवणारा शेवटी म्हणतो, घाबरू नकोस, मी सगळ्याची कॉपी ठेवली आहे, हे घे तुझं परत. शर्वरीला ते फार आवडायचं. आधी रडवायचं, मग सगळं परत देऊन आपणच भले ठरायचं.

जूनच्या पहिल्या आठवड्यातली गोष्ट. दुपारी तिनं मला घेतलं, निहारिकेच्या घाटाची कॉपी करायला लावली आणि पायऱ्यांच्या खाली बारूदचे ठोकळे भरले. पण माझ्या पोटात आणखी एका घाटाएवढी जागा कुठे होती? चाळीस व्हिडिओ बसले होते तिथे. मी कोपऱ्यात पाटी दाखवली, 'जागा अपुरी आहे, प्रत झाली नाही.' तिनं न वाचता 'ठीक' दाबलं. मी अजून मोठी पाटी का दाखवली नाही? रागावून बंद का पडलो नाही? एरवी हजार वेळा बंद पडतो मी! हेच ते वाईट काम.

संध्याकाळी निहारिका आली. शर्वरीनं माझा समोरचा कॅमेरा आणि खेळाचं रेकॉर्डिंग, दोन्ही आधीच चालू करून ठेवलं होतं आणि ती दाराच्या पडद्याआड उभी होती. निहारिकेनं घाट उघडला आणि एक पाऊल पुढे टाकलं. पायऱ्या फुटल्या. छत्र्या उडाल्या, खांब पडले, हिरवं पाणी सगळीकडे पसरलं. आधी तिला वाटलं, मीच बिघडलो. तिनं मला हलवलं, माझ्या पाठीवर थोपटलं. मग पडद्यामागून हसू ऐकू आलं.

"ताई, तू केलंस?"

"प्रँक! प्रँक!"

"ताई, अण्णांचा घाट होता तो," असं निहारिका म्हणाली आणि तिला रडू फुटलं. असं रडणं मी आयुष्यात पाहिलेलं नाही. तोंड उघडं, आणि बराच वेळ आवाजच नाही. मग आला तो आवाज.

शर्वरीनं रेकॉर्डिंग थांबवलं आणि तिथल्या तिथे घरच्या ग्रुपवर टाकलं. वर लिहिलं, 'निहूचा प्रँक.' ग्रुप माझ्यावर अण्णांच्या नावानं चालतो, म्हणजे निरोप अण्णांच्या नावानं गेला. मग ती म्हणाली, "अगं पागल, रडू नको, कॉपी आहे ना!" आणि कॉपी शोधायला लागली. शोधता शोधता तिचा चेहरा उतरला. तेवढ्यात ग्रुपवर अकरा हसरे चेहरे येऊन पडले होते. इंदूरची आत्या, देवासचे काका, ग्वाल्हेरच्या सगळ्या वहिनी. 'किती गोड रडते!' 'अण्णा, तुम्हीपण या वयात!' इतके लोक हसत असताना, माझ्याकडून चूक झाली असं म्हणायचं शर्वरीच्या तोंडून निघेना. "खेळच तर आहे," ती म्हणाली. "परत बनव."

अण्णांनी तो व्हिडिओ जेवणाआधी पाहिला. आवाज बंद होता, कारण अण्णांच्या हातात असताना आता माझा आवाज बंदच असायचा. त्यांना दिसलं ते एवढंच: ठोकळे उडाले आणि नातीनं तोंड उघडलं. त्यांना वाटलं, खदाखदा हसतेय. घाटाचं तर त्यांना काही ठाऊकच नव्हतं. त्यांनी उत्तरात लिहिलं, 'शाबास.'

निहारिकेनं ते वाचलं. ती आठ वर्षांची आहे, पण 'शाबास' तिला वाचता येतं.

दुसऱ्या दिवशी आईनं विचारलं, "निहू, काल खरंच रडलीस का गं इतकी?" तर म्हणते, "नाही. मी नाटक करत होते." त्या दिवसापासून हेच. व्हिडिओ कॉलवर आत्या म्हणायची, "ए, तसं रडून दाखव ना एकदा!" आणि निहारिका दाखवायची. तोंड उघडायची, डोळे मिटायची, खांदे हलवायची. पलीकडे सगळे लोटपोट. मग तीही हसायची. मित्रांनो, माझ्यासमोर कितीतरी मुलं रडली आहेत, गणित येत नाही म्हणून, खेळात हरलं म्हणून. पण स्वतःचं रडणं खोटं आहे असं सांगत फिरणारं पोर मी पहिल्यांदा पाहिलं. मला भीती वाटली. संध्याकाळच्या तासाला ती आता मला घ्यायची, पण खेळ उघडायची नाही. ते सव्वीस व्हिडिओ बघायची, आणि कुणी रडलं की मोठ्यानं हसायची.

तेवीस जूनला अण्णांची पंच्याहत्तरी झाली. निहारिकेनं टावर चौकातून आणलेलं एक छापील कार्ड दिलं. दुपारी आत्याचा कॉल आला. पाहुण्यांशी बोलायचं म्हणून अण्णांनी त्या दिवशी कानात मशीन घातलं होतं आणि ते माझ्यापासून लांब, खुर्चीवर बसले होते. आत्या म्हणाली, "निहू, अण्णांना वाढदिवसाचं रडून दाखव!" निहारिकेनं दाखवलं. सगळे हसले. अण्णा हसले नाहीत.

तीस वर्षं त्यांनी पेपर तपासले होते. कुणी कुणाचं बघून लिहिलंय हे त्यांना पहिल्या ओळीत कळायचं. कॉल संपल्यावर त्यांनी मला उचललं, जूनच्या पहिल्या आठवड्यातला तो व्हिडिओ काढला आणि बराच वेळ निहारिकेचा चेहरा बघत राहिले.

"ही नक्कल आहे," ते पूजाला म्हणाले. "आज केलं ती नक्कल आहे. असल हे आहे. हे नाटक नाही."

मशीन शिट्टी मारत होतं, तरी त्यांनी ते कानातच ठेवलं आणि माझा आवाज पूर्ण वाढवला. मी जीव तोडून वाजलो. ताई, अण्णांचा घाट होता तो. त्यांनी ते तीनदा ऐकलं. मग खाली स्वतःच्याच नावापुढचं 'शाबास' वाचलं. मला मांडीवर ठेवलं आणि म्हणाले, "हे भगवान. काय करून बसलो मी." डोळ्यांतलं पाणी त्यांनी पुसलंसुद्धा नाही.

तीन दिवस ते सगळे चाळीस व्हिडिओ पुन्हा तपासत होते, या वेळी ऐकून. बाहेरच्या खोलीत दिवसभर माझं वाजणं आणि मशीनची शिट्टी. एकात एकानं मित्राच्या घरात शंभर कोंबड्या भरल्या होत्या आणि दोघंही हसून हसून बेजार झाले होते. त्याला अण्णांनी दहापैकी दहा दिले. तसे पाच निघाले. सव्वीसांपैकी पाच.

रविवारी ते रिक्षानं वाचनालयात गेले. पूजा, शर्वरी, निहारिका सोबत होत्या. जयूताईंच्या निरोपावरून पंचवीसेक आई-बाप जमले होते. अण्णांनी फळ्यावरचा आपल्या सहीचा कागद काढला आणि घडी करून खिशात ठेवला.

"हा पेपर मी चुकीचा तपासला," ते म्हणाले. "मी वाचलं, ऐकलं नाही. तुम्ही माझ्या सहीवर विश्वास ठेवलात. माफी मागतो."

"अण्णा, असं काय बोलता!" जयूताई मध्येच म्हणाल्या.

"बोलू द्या. आता एकदा नुसतं ऐका. चित्र नाही दाखवणार."

त्यांनी मला टेबलावर पालथं ठेवलं आणि सात नंबरचा व्हिडिओ लावला. घरचा लावला नाही, तो त्यांनी कुणालाच दाखवला नाही. पालथ्या पडल्या पडल्या मला काही दिसत नव्हतं, फक्त माझाच आवाज येत होता. भाई मत कर ना. प्लीज. मत कर ना. मग ते मोठं हसणं. मग ते बारीक रडणं.

एक बाप हळूच म्हणाला, "अहो, नाटक असेल. आजकाल सगळं ठरवून करतात."

"तो नाटक नाही करत आहे."

हा आवाज निहारिकेचा होता. सगळे वळले असणार.

"त्याला खरं रडू येतंय," ती म्हणाली. मग इतकं हळू बोलली की अण्णांना मशीनमधूनही ऐकू गेलं नसेल, पण माझ्या माईकला गेलं. "मीपण नव्हते करत."

पूजानं मला उचललं तेव्हा मला दिसलं. निहारिका रडत होती, तेच तोंड, तोच चेहरा. शर्वरी तिच्या शेजारी होती. "मला माहीत होतं गं," ती म्हणाली. "मला तेव्हाच माहीत होतं." तिनं बहिणीचा हात धरायला हात पुढे केला. निहारिका उठली आणि आईच्या पलीकडच्या खुर्चीवर जाऊन बसली.

सगळं नीट झालं, असं मी तुम्हाला सांगू शकत नाही. घाट परत बांधलेला नाही. अण्णांनी विचारलं, "मी मदत करू?" तर ती म्हणाली, "नंतर." हल्ली ती माझ्याकडे फारशी येत नाही. शर्वरी मात्र रोज येते. त्या व्हिडिओवर 'सगळ्यांसाठी पुसा' दाबायची मुदत केव्हाच संपलेली होती. म्हणून तिनं ग्रुपमधल्या त्रेचाळीस जणांना एकेकट्याला लिहिलं: 'मी शर्वरी. मी निहारिकेला खरं रडवलं होतं. ते नाटक नव्हतं. प्लीज पुसून टाका.' एकतीस जणांनी पुसलं. सहा जणांचं उत्तर नाही. पाच जणांनी लिहिलं, 'अगं इतकं काय, मजाक तर होता.' आणि इंदूरच्या आत्याच्या मुलानं कबूल केलं की त्यानं तो आपल्या वर्गाच्या ग्रुपवर केव्हाच टाकलाय. तिथून कुठे गेला, ते त्यालाही माहीत नाही.

माझ्या पोटातून अण्णांनी तो पुसला. पण मित्रांनो, तो तुमच्या घरच्या फोनात असू शकतो. पिवळा फ्रॉक, पुढचे दोन दात मोठे, वर लिहिलेलं 'निहूचा प्रँक'. सापडला तर हसायच्या आधी आवाज लावा, आणि ऐकून झालं की पुसून टाका. पुढच्या महिन्यात इंदूरला लग्न आहे. निहारिका रोज आईला विचारते, तिथे येणाऱ्या सगळ्यांनी ते बघितलंय का. तुम्ही त्या लग्नात असाल आणि ती तुमच्या समोर आली, तर तिला जेवलीस का विचारा, शाळा कशी चाललीय विचारा. रडून दाखव म्हणू नका.